अनडिफाइन्डची एरर आली की डॉटच्या डावीकडे बघा

रिॲक्ट नेटिव्हचं (जावास्क्रिप्टमध्ये मोबाइल ॲप लिहायच्या फ्रेमवर्कचं) ॲप लाल स्क्रीनवर अडकलं आणि 'कॅनॉट रीड प्रॉपर्टी नेम ऑफ अनडिफाइन्ड' दिसलं, की बहुतेक जण कोडमध्ये 'नेम' शोधत सुटतात. टीममध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, की 'नेम'चा यात काही दोष नाही. रिकामं आहे ते डॉटच्या डावीकडचं. 'यूजर.प्रोफाइल.नेम' या ओळीवर ही एरर आली तर 'प्रोफाइल' अनडिफाइन्ड आहे, म्हणजे त्याला व्हॅल्यूच मिळालेली नाही. 'यूजर'च नसता तर मेसेजमध्ये 'प्रोफाइल'चं नाव आलं असतं. कोड चालवणाऱ्या जावास्क्रिप्टकोअर इंजिनवर हीच तक्रार 'अनडिफाइन्ड इज नॉट ॲन ऑब्जेक्ट' अशी येते. रिॲक्ट नेटिव्ह 0.70 पासून हर्मीस हे इंजिन डीफॉल्ट आहे, म्हणून आता पहिला मेसेज जास्त दिसतो.

मग स्टॅक ट्रेस (एररपर्यंत नेणाऱ्या कॉल्सची यादी) वरून खाली वाचा आणि तुमच्या स्वतःच्या फाइलची पहिली ओळ गाठा. लायब्ररीच्या ओळी तूर्त सोडा. त्या ओळीच्या आधी कन्सोल लॉग टाका, पण ऑब्जेक्ट जेसन.स्ट्रिंगिफायने मजकूर करून छापू नका. ज्या 'की'ची (ऑब्जेक्टमधल्या नावाची) व्हॅल्यू अनडिफाइन्ड आहे, ती तो गाळून टाकतो. मग ती 'की' मुळात आलीच नव्हती, का आली पण रिकामी होती, हे कळायला मार्ग उरत नाही.

आता खरं काम: ही व्हॅल्यू भरायची कुणी होती? एरर दिसते तिथे चूक क्वचितच असते, म्हणून डेटा जिथून आला तिकडे एकेक पाऊल मागे जा.

सर्वांत जास्त वेळा कारण निघतं पहिला रेंडर, म्हणजे कंपोनंट स्क्रीनवर पहिल्यांदा काढला जाणं. यूजस्टेटला सुरुवातीची व्हॅल्यू दिली नाही तर ती अनडिफाइन्ड असते, आणि सर्व्हरचं उत्तर यायच्या आधी कंपोनंट एकदा रेंडर होतोच. लोडिंगची अवस्था वेगळी ठेवा आणि डेटा नसेल तर लोडर रिटर्न करा. फक्त तो रिटर्न सगळ्या हुक्सच्या (यूजस्टेटसारख्या फंक्शन्सच्या) खाली लिहा, नाहीतर हुक्सची संख्या बदलल्याची दुसरीच एरर येईल.

दुसरं ठिकाण म्हणजे एपीआय, जिथून सर्व्हरचा डेटा येतो. फेच वापरताना रिस्पॉन्स.जेसनच्या आधी अवेट लिहायचं राहून गेलं तर हातात उत्तराऐवजी प्रॉमिस (नंतर मिळणाऱ्या उत्तराचं नुसतं आश्वासन) येतं. त्यावर 'यूजर' मागितलं की गुपचूप अनडिफाइन्ड मिळतं, आणि ॲप कोसळतं दोन फाइली पुढे. ॲक्सिऑस ही लायब्ररी उत्तर 'डेटा'मध्ये गुंडाळून देतं. सर्व्हरनेही आपला 'डेटा' ठेवला असेल तर दोनदा उलगडावं लागतं.

'एलिमेंट टाइप इज इनव्हॅलिड' असं येऊन पुढे 'गॉट अनडिफाइन्ड' दिसलं, तर थेट इम्पोर्ट तपासा. डीफॉल्ट एक्स्पोर्ट महिरपी कंसात घेतलेला असतो, किंवा नेमका त्याच्या उलट प्रकार.

आता ?. बद्दल, म्हणजे डावीकडचं रिकामं असेल तर एरर न देता अनडिफाइन्ड देणारं ऑप्शनल चेनिंग. ते जावास्क्रिप्टच्या ईएस2020 आवृत्तीत आलं आणि मला ते आवडतं, पण एरर गप्प करायला ते वापरू नका. क्रॅश थांबतो आणि वापरणाऱ्याला कोरी स्क्रीन दिसते, जिचा रिपोर्टही तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. प्रोफाइल फोटोसारखी जी गोष्ट नसणं रास्त आहे, तिथेच ते शोभतं. पर्यायी व्हॅल्यू द्यायची असेल तर ?? घ्या, ते अनडिफाइन्ड आणि नल ('काही नाही' असं सांगणारी व्हॅल्यू) दोन्हींना चालतं. फंक्शनचा डीफॉल्ट पॅरामीटर फक्त अनडिफाइन्डला लागू होतो, नलला नाही, आणि फोनवर डेटा साठवणाऱ्या एसिंकस्टोरेजमध्ये 'की' सापडली नाही तर नलच येतो.

टाइपस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टला टाइप जोडणाऱ्या भाषेत) स्ट्रिक्ट मोड चालू ठेवा. तरीही ॲरेचा पहिला घटक खरंच आहे का, हे तो विचारत नाही. त्यासाठी 'नोअनचेक्डइंडेक्स्डॲक्सेस' वेगळं चालू करावं लागतं. सर्व्हरच्या उत्तराला नुसता टाइप चिकटवलात तर रनटाइमला काहीच तपासलं जात नाही. झॉडसारख्या लायब्ररीने ते आत येतानाच तपासा.

दुरुस्तीनंतर ॲपचा सगळा डेटा पुसून, नेट मुद्दाम मंद करून तीच स्क्रीन पुन्हा उघडा, मग एअरप्लेन मोडमध्येही.