एक्स्टर्नल हार्ड डिस्क सारखी डिस्कनेक्ट होत असेल तर

कॉपी चालू असताना डिस्क गायब होते, दोन-चार सेकंदांनी परत दिसते, आणि कधीकधी विंडोज विचारतं, ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ त्याला ‘हो’ म्हणायचं नाही. फॉरमॅटने सैल केबल घट्ट होत नाही, फायली मात्र जातात. डिस्क अधूनमधून का होईना दिसत असेल, तर दुरुस्तीला हात घालण्याआधी ज्या फायलींची दुसरी प्रत कुठेच नाही त्या बाहेर काढा. एकदम सगळं फोल्डर ओढू नका. दोन-तीन जीबीचे तुकडे करा, म्हणजे संपर्क तुटला तरी कुठवर आलो होतो ते कळतं.

मग लगेच ड्रायव्हर उडवून परत टाकायचे, विंडोज नव्याने बसवायचं, असल्या गोष्टींच्या मागे लागू नका. बहुतेक वेळा दोष केबल, पोर्ट किंवा वीजपुरवठ्यात असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात दिवस जातो. आधी फक्त बघा, डिस्क नेमकी कधी सुटते.

लावल्या लावल्या किंवा मोठी कॉपी सुरू होताच सुटली, तर वीज कमी पडते आहे. केबलला धक्का लागला की सुटली, तर कनेक्टर. काही मिनिटं नुसती पडून राहिल्यावर सुटली, तर कुणीतरी तिला झोपवतंय, संगणक किंवा डिस्कचं स्वतःचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर). दर वेळी त्याच फायलीवर अडकून सुटली, तर डिस्कचा पृष्ठभाग खराब झालाय. वीस-तीस मिनिटं नीट चालून मग सुटू लागली, तर आतलं काहीतरी तापतंय. शेजारच्या पोर्टमध्ये फोन लावताच सुटली, तर पुन्हा वीजच.

कान आणि एक आकडा

फिरणारी डिस्क असेल तर संपर्क तुटताना कान तिच्याशी न्या. ‘टक’ आवाज होऊन मोटर मंदावली आणि पुन्हा वेग घेऊ लागली, तर तिचा वीजपुरवठा खरंच खंडित झाला. मोटरची घरघर तशीच चालू राहिली आणि पडद्यावरून तेवढी डिस्क गेली, तर वीज ठीक आहे, बोलणं तुटलंय: डेटाच्या तारा, कनेक्टर किंवा डब्यातलं, म्हणजे डिस्कच्या बाहेरच्या कवचातलं, ब्रिज सर्किट (डिस्कची भाषा यूएसबीत बदलणारं).

एसएसडीला आवाज नाही. तिथे क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘पॉवर ऑन काउंट’ (डिस्क किती वेळा चालू झाली) बघा. आकडा लिहून ठेवा, संपर्क दोन-तीनदा तुटू द्या, परत बघा. तेवढ्याच अंकांनी वाढला असेल, तर वीज जातेय. तिथल्या तिथे असेल, तर जोडणी. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिला ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि काही डबे ही स्मार्ट माहिती बाहेर येऊच देत नाहीत. तसं असेल तर हा मार्ग बंद.

केबल

पहिला संशयित तीच. पोर्टेबल डिस्कसोबत येणाऱ्या केबलचं एक टोक रुंद, दोन भागांचं असतं. त्याला मायक्रो-बी म्हणतात, आणि हे टोक नाजूक आहे. डिस्क केबलला लोंबकळत ठेवली, बॅगेत केबल लावूनच कोंबली, की ते ढिलं होतं.

केबल बदलताना लांबी आणि तारेची जाडी बघा. २८ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम असतो. एक मीटरच्या केबलमधून वीज जाते आणि परतही येते, म्हणजे दोन मीटर तार, ०.४२ ओहम. २.५ इंची डिस्कची मोटर वेग घेताना क्षणभर १ अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे केबलमध्येच ०.४ व्होल्ट गळाले. पोर्टवर ५ व्होल्ट असले तरी डिस्कपाशी ४.६ पोचतात, आणि तिला साधारणपणे किमान ४.७५ हवे असतात. डिस्क रीसेट होते ती अशी. तीच एक मीटर केबल वीजवाहक तारा २४ गेजच्या असलेली घेतली तर गळती ०.१७ व्होल्टवर येते. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड. केबलच्या आवरणावर तो बरेचदा छापलेला असतो. छापलेला नसेल तर अर्ध्या मीटरपेक्षा लांब केबल घेऊच नका. एक्स्टेन्शन केबल तर अजिबात नको.

इथे एक युक्ती उपयोगी पडते. मायक्रो-बी सॉकेटच्या मोठ्या अर्ध्या भागात जुन्या फोनची मायक्रो-यूएसबी केबल बसते. ती लावली की डिस्क यूएसबी २.०च्या वेगाने चालते. नुसती चार्जिंगची केबल चालणार नाही, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. या केबलवर डिस्क तासभर न सुटता चालली, तर वेगवान जोडणीच्या जास्तीच्या तारांमध्ये किंवा त्या पिनांमध्ये दोष आहे, डिस्क स्वतः बहुधा बरी आहे. वेग सेकंदाला ३० ते ४० एमबी मिळेल, म्हणजे १ टीबीला आठेक तास. रात्रभर लावून डेटा बाहेर काढायला पुरे.

नवी केबलही डुगडुगत असेल, तर डिस्कवरचं सॉकेट बघा. पिनांवर काजळी किंवा धूळ असेल तर डिस्क सोडवून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रश बुडवून पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. धातूची टाचणी आत घालू नका. सॉकेट सर्किटपासूनच हलत असेल तर झाळ उखडली आहे. ते काम सोल्डरिंग येणाऱ्याचं. टेप चिकटवून ढकललेला दिवस पुढे जास्त महाग पडतो.

पोर्ट आणि वीज

यूएसबी २.० पोर्ट ठरावाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. फिरणाऱ्या २.५ इंची डिस्कला सुरुवातीला लागतात १०००च्या आसपास. बहुतेक पोर्ट थोडं जास्त देतात म्हणून निभावतं. सगळे देत नाहीत.

डेस्कटॉप असेल तर पुढचे पोर्ट सोडा. ते कॅबिनेटमधल्या लांब तारेने मदरबोर्डला जोडलेले असतात आणि गळती तिथेही होते. मागे, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट घ्या. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या बाजूचा पोर्ट करून बघा, चार्जर लावून. स्वतःचा अॅडॉप्टर नसलेल्या हबमधून डिस्क कधीच चालवू नका. हबला मिळते तेवढीच वीज तो सगळ्यांत वाटतो. अॅडॉप्टरवाला हब मात्र उलट औषध आहे, पोर्ट अशक्त असेल तर हाच उपाय. दोन यूएसबी टोकांची वाय केबलही चालते, दोन्ही टोकं त्याच संगणकात घालायची.

३.५ इंची डिस्कचं गणित वेगळं. तिला १२ व्होल्ट लागतात आणि ते अॅडॉप्टरमधून येतात. हे अॅडॉप्टर म्हातारे होतात. आतले कपॅसिटर सुकले की रिकामा असताना मल्टिमीटर १२ दाखवतो आणि मोटर वेग घेताच व्होल्टेज बसतं. म्हणून मोजायचं ते डिस्क चालू असताना. ११.४च्या खाली जात असेल तर अॅडॉप्टर बदला: व्होल्टेज तेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, पिनेचा आकार आणि धन-ऋण खूण तीच. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अॅडॉप्टरची पीन कधीकधी तंतोतंत बसते. घातली तर डिस्कचं सर्किट जळतं.

झोप

पडून राहिल्यावर सुटणाऱ्या डिस्कसाठी विंडोजमध्ये तीन जागा आहेत. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये चालू प्लॅनच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा. ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. त्याच यादीत ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ शून्य करा. शून्य म्हणजे कधीच नाही. काही लॅपटॉपवर यातले पर्याय दिसत नाहीत, तिथे तिसऱ्या जागेवर भर द्या. ती जागा म्हणजे डिव्हाइस मॅनेजर. शेवटच्या ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’मध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’वर डबल क्लिक, पॉवर मॅनेजमेंट टॅब, आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. रूट हब दोन-तीन असतात, सगळ्यांवर करा.

मॅकवर सेटिंग्जमधल्या बॅटरी किंवा एनर्जी विभागात ‘पुट हार्ड डिस्क्स टू स्लीप व्हेन पॉसिबल’ बंद करा.

एवढं करूनही ठरावीक मिनिटांनी सुटत असेल, तर टायमर डब्यातल्या फर्मवेअरमध्ये आहे. उत्पादकाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून तो बऱ्याचदा वाढवता येतो.

विंडोज काय लिहून ठेवतं

इव्हेंट व्ह्यूअर, मग विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. संपर्क तुटला ती वेळ शोधा. तिथला ‘इव्हेंट आयडी’ हा आकडा बघा. १५७ म्हणजे डिस्क अचानक काढली गेली. नुसता तोच असेल तर केबल, पोर्ट, वीज. १२९ म्हणजे डिस्क उत्तर देईना म्हणून रीसेट पाठवला. १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. ७ म्हणजे खराब ब्लॉक. ७ दिसू लागले की केबलचा विचार सोडा आणि डेटाचा करा.

मग क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (बदलण्याच्या वाटेवरचे) आणि सी६ (न दुरुस्त होणारे) बघा. या खिडकीतले मूळ आकडे सहसा षोडशमान पद्धतीत असतात, ‘१०’ म्हणजे सोळा, तेव्हा घाबरण्याआधी मेन्यूमधून दशमान करून घ्या. तिन्ही शून्य असतील तर पृष्ठभागाबद्दल तक्रार नाही. सी५ दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्क जातेय. सी७ (डेटा पाठवतानाच्या चुका) वाढत असेल तर दोष डब्याच्या आतल्या जोडणीत.

खराब सेक्टरमुळे संपर्क का तुटतो? डिस्क तो सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, कित्येक सेकंद. तेवढा वेळ ब्रिज सर्किट थांबत नाही, संगणकही थांबत नाही. रीसेट होतो आणि डिस्क गेल्यासारखी दिसते. अशा डिस्कवर आधी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवू नका, विशेषतः सगळी डिस्क वाचून खराब सेक्टर शोधणारा प्रकार. मरायला टेकलेल्या डिस्कला तो तासन् तास धावायला लावतो. आधी डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल) दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्या. पहिल्या फेरीत अडणारे भाग सोडून द्या, मग फक्त त्यांच्यावर दोन-तीन फेऱ्या. ठरावीक लयीत टकटक येत असेल तर हेही नाही. वीज काढा. डेटा हवा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

डबा बदलावा का

वीज ठीक, केबल ठीक, स्मार्ट स्वच्छ, दुसऱ्या संगणकावरही सुटते: मग उरतं ब्रिज सर्किट. ते तापल्यावरच चूक करत असेल तर डब्यावर छोटा पंखा रोखून तासभर कॉपी चालवा. पंख्याने थांबलं तर निदान झालं. एनव्हीएमई (वेगवान, छोट्या पट्टीसारख्या) एसएसडीच्या चिमुकल्या डब्यांत हे वारंवार होतं. तिथे चिप आणि डबा यांच्यामधला थर्मल पॅड (उष्णता डब्याकडे नेणारी मऊ गादी) नीट बसलाय का ते बघा.

डबा उघडण्याआधी तीन गोष्टी तपासा. वॉरंटी शिल्लक आहे का. आत साटा (डिस्क संगणकात थेट जोडायचा नेहमीचा कनेक्टर) जोडणी आहे का; काही पोर्टेबल डिस्कवर यूएसबी सॉकेट थेट डिस्कच्या सर्किटवरच असतं, मग डबा बदलण्यात अर्थ नाही. आणि डब्यात एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक करून ठेवणं) आहे का. असेल तर डिस्क दुसऱ्या डब्यात निव्वळ कचरा दाखवते. एन्क्रिप्शन नसतानाही काही डबे सेक्टरचा आकार ५१२ऐवजी ४०९६ बाइट सांगतात. अशी डिस्क दुसऱ्या डब्यात हलवली की विभाग (पार्टिशन) दिसत नाहीत आणि फॉरमॅटचा प्रश्न परत येतो. उत्तर तेच, नाही. जुन्या डब्यात घातली की सगळं दिसतं. शिवाय ४-५ टीबीच्या २.५ इंची डिस्क बहुधा १५ मिलिमीटर जाड असतात, ७ आणि ९.५ मिलिमीटरसाठी केलेल्या नेहमीच्या डब्यात मावत नाहीत.

दुसऱ्या संगणकावर डिस्क मजेत चालली, तर पहिल्या संगणकावर चिपसेटचे (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचे) ड्रायव्हर आणि बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. हे नेहमी उगाच सांगितलं जात नाही: २०२१मध्ये ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी अधूनमधून तुटत असल्याचं एएमडीने मान्य केलं आणि नव्या बायोसमधून ते सुधारलं. लिनक्सवर मोठ्या कॉपीत ‘यूएएस’चे (यूएसबी डिस्कशी बोलण्याच्या नव्या, वेगवान पद्धतीचे) रीसेट कर्नेल लॉगमध्ये दिसत असतील, तर त्या डब्यापुरता यूएएस बंद करून जुन्या यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरवर चालवा. वेग थोडा घटतो.

दुरुस्ती झाली असं वाटलं की ५० जीबी तरी एकत्र कॉपी करा, मग अर्धा तास डिस्क पडून राहू द्या, मग पुन्हा उघडा. दोन्ही जमलं, तर आधीच्या तुटलेल्या कॉपीतली शेवटची फाइल पुसून नव्याने घ्या. आकार सारखा दिसला तरी मजकूर अर्धवट असू शकतो. डेटा सुरक्षित झाल्यावर डिस्कच्या प्रॉपर्टीजमधल्या टूल्समधून एकदा चेक करा. डिस्कची फाइल सिस्टिम (फायली मांडण्याची पद्धत) एक्सफॅट असेल तर हे टाळू नका. एनटीएफएससारखी बदलांची नोंद त्यात नसते, त्यामुळे अचानक तुटलेल्या संपर्काचा फटका तिथे जास्त बसतो.