वेग होता, जोड सुटला : टोयोटा टीएस०५०च्या या चुका टाळा

कॉलेजच्या स्पर्धेसाठी रेसकार बनवणारी पोरं भेटली की पहिला प्रश्न पॉवरचाच असतो. मी त्यांना टोयोटाच्या टीएस०५० या प्रोटोटाइपची, म्हणजे फक्त शर्यतीसाठी बनवलेल्या गाडीची गोष्ट सांगतो. २.४ लिटरचं ट्विन-टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबणारे दोन टर्बो असलेलं) व्ही-६ इंजिन, पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही अ‍ॅक्सलवर इलेक्ट्रिक मोटर. २०१७ ला फ्रान्समधल्या ल मां इथे, २४ तासांच्या शर्यतीच्या पात्रता फेरीत ३ मिनिटं १४.७९१ सेकंदांचा लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी! वेगाचं रडगाणं कधीच नव्हतं. गाडी हरली ती फुटकळ गोष्टींनी.

२०१६ चंच बघा. २४ तासांची शर्यत संपायला जेमतेम काही मिनिटं, ५ नंबरची गाडी सगळ्यांत पुढे आणि चालवणारा काझुकी नाकाजिमा रेडिओवर सांगतोय, पॉवरच नाही. गाडी पिटसमोर (दुरुस्ती आणि इंधन भरायच्या जागेसमोर), स्वतःच्याच मेकॅनिकांच्या डोळ्यांदेखत थांबली. प्रतिस्पर्धी पोर्श शेजारून निघून गेली. टर्बो आणि त्याची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर यांना जोडणाऱ्या लाइनमध्ये बिघाड झाला होता, त्यामुळे टर्बोचं नियंत्रणच गेलं. कशीबशी पुन्हा हलली, पण शेवटचा लॅप इतका रेंगाळला की अंतिम निकालात तिला स्थानच मिळालं नाही.

पॉवर पडली की आपण आधी लॅपटॉप उघडून मॅपिंग (इंजिनाच्या संगणकातलं सेटिंग) चाळतो. नका. आधी होज (रबरी नळ्या) आणि त्या आवळणारे क्लॅम्प बघा. इंजिन बंद करून इनटेकमध्ये (इंजिनाकडे हवा नेणाऱ्या मार्गात) थोडी हवा भरा, जोडांवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडा येईल तिथे गळती. आणि थंड गाडीत घट्ट वाटलेला क्लॅम्प एकदा चालवून आल्यावर परत तपासा.

पुढच्या वर्षीची चूक माणसांची. रात्री सेफ्टी कार (धोका असताना सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) बाहेर, पिटमधून बाहेर पडायच्या तोंडावर लाल दिवा, तिथे टोयोटाचा ड्रायव्हर कामुई कोबायाशी थांबलेला. दुसऱ्याच टीमच्या ड्रायव्हरने येऊन अंगठा दाखवला. केशरी पोशाखामुळे कोबायाशीला तो मार्शल (ट्रॅकवरचा अधिकारी) वाटला. तो निघाला, टीमने थांब म्हटलं, परत निघाला... ही गाडी एरवी पिटमधून इलेक्ट्रिक मोटरवर सुटायची. इंजिनावर पुन्हा पुन्हा उठवल्याने क्लच जळाला. निघायचा इशारा कोणाचा मानायचा, हे आधीच ठरवा. एकाच माणसाचा.

२०१८ आधी टोयोटाने चाचण्यांत मुद्दाम बिघाड घडवून सराव केला आणि ल मां जिंकली. तरी २०१९ ला ७ नंबरची गाडी शेवटच्या तासात आघाडीवर असताना पंक्चर झाली, सेन्सरने भलतंच चाक दाखवलं, तेच बदललं गेलं. पुन्हा पिट, आघाडी गेली. सेन्सरच्या वायरींची अदलाबदल झाली होती! आमच्या टीमनेही एकदा डावं-उजवं चिकटपट्टीवर लिहिलं होतं. धुतल्यावर शाई गेली. त्यानंतर प्रत्येक चाकाची हवा आळीपाळीने थोडी सोडून स्क्रीनवर कोणता आकडा हलतो ते बघतो. पाच मिनिटांचं काम.

२०२१ मध्ये टीएस०५०च्या जागी टोयोटाची नवी जीआर०१० हायपरकार (शर्यतीच्या नव्या वरच्या गटातली गाडी) आली आणि ल मां शर्यतीत तिच्या इंधनपुरवठ्यात दोष निघाला. ड्रायव्हर ब्रेक लावतानाच स्विच खालीवर करत राहिले, स्टिंट (दोन पिट थांब्यांमधला टप्पा) ओढत नेले. त्या वेळी ७ नंबरची गाडी जिंकली.