न लिहिलेलं वाचायचं कसं? इंग्रजी उताऱ्यातल्या अनुमानाच्या प्रश्नांचा सराव

"एकदाची गाडी आली." दुसरी-तिसरीतल्या मराठी मुलाला हे वाक्य ऐकवा आणि विचारा, गाडी वेळेवर आली का? ते लगेच "नाही" म्हणेल. वाक्यात उशिराचा उल्लेख नाही, वाट बघण्याचा नाही, वैतागाचा तर नाहीच. सगळं त्या 'एकदाची'त भरलेलं आहे. हेच मूल दहावीत 'ॲट लास्ट द ट्रेन अराइव्ह्ड' वाचतं आणि 'हाऊ डिड द पॅसेंजर्स फील?' या प्रश्नाला 'दे फेल्ट हॅपी' लिहून मोकळं होतं. नाहीतर "उताऱ्यात दिलेलंच नाहीये" म्हणून जागा कोरी सोडतं.

म्हणजे अनुमान काढता येत नाही, अशातला भाग नाही. अडतं दोन ठिकाणी. इंग्रजीतले बारके शब्द नजरेतून निसटतात, आणि मनात आलेलं अनुमान मांडायला पोतडीत शब्द नसतात. सराव या दोन गोष्टींचा करायचा. "इंग्रजी पेपर वाचत जा" हा सल्ला चांगलाच आहे, पण परीक्षा दोन महिन्यांवर आल्यावर तो देऊन कुणाचं भलं होत नाही.

आधी गुण कुठे आहेत ते बघू. राज्य मंडळाच्या दहावीच्या कृतिपत्रिकेत अपठित, म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरचा, उतारा १० गुणांचा असतो, ए-वन ते ए-फाइव्ह अशा पाच कृती, प्रत्येकी २ गुण. ए-वनची उत्तरं उताऱ्यात सरळ सापडतात, ए-थ्री शब्दसंग्रहाची, ए-फोर व्याकरणाची. अनुमान मुख्यतः ए-टूमध्ये लागतं. ए-फाइव्ह म्हणजे स्वतःचं मत. पुष्कळ मुलं ए-टूचं उत्तर ए-फाइव्हसारखं लिहितात, म्हणजे उतारा बाजूला ठेवून स्वतःचा विचार मांडतात, आणि गुण तिथेच जातात. सीबीएसईत दहावीला दोन उतारे, मिळून २० गुण. पहिला ४०० ते ४५० शब्दांचा, दुसरा २०० ते २५० शब्दांचा आणि त्याच्यासोबत बहुधा आकडेवारी किंवा आलेख. आयसीएसईच्या भाषेच्या पेपरात एकच उतारा, पण २० गुणांचा, त्यातच सारांशलेखनही. सराव मात्र तिन्हीकडे सारखाच.

बारके शब्द

मराठीत 'च', 'सुद्धा', 'तरी', 'एकदाचा' हे शब्द जे काम करतात, तेच इंग्रजीत काही ठरावीक शब्द करतात. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांची यादी करा. पंचवीस-तीस शब्द पुरतात. फक्त अर्थ लिहू नका, त्या शब्दामुळे न सांगता काय कळतं तेही लिहा. थोडे नमुने:

'यूज्ड टू': पूर्वी असायचं, आता नाही. 'ही यूज्ड टू लिव्ह इन गिरगाव' म्हणजे आता तो गिरगावात राहत नाही. मुलं याचा अर्थ 'वापरला' असा लावून पुढचं सगळं वाक्य फिरवून टाकतात.

'मॅनेज्ड टू': जमवलं, पण सहज नाही, खटपट करून.

'हॅड टू': करावं लागलं. मनातून करायचं होतंच असं नाही.

'ईव्हन': 'ईव्हन द वॉचमन लाफ्ड' म्हणजे बाकीचे हसलेच, वॉचमन मात्र हसणाऱ्यातला नाही, तोसुद्धा हसला. एका शब्दात दोन अनुमानं.

'कुड हॅव': करू शकला असता, पण केलं नाही. या वाक्यात 'नॉट' नसतं, म्हणून मुलं त्याचा अर्थ 'केलं' असा घेतात. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

'मस्ट हॅव': लेखकाचाच अंदाज. खात्रीची गोष्ट म्हणून लिहायची नाही.

'प्रिटेंडेड': आव आणला, म्हणजे खरं उलटं आहे.

'स्टिल', 'यट', 'ऑलरेडी', 'ओन्ली', 'अगेन': हे पाचही शब्द मुलं वाचताना चक्क गाळतात. मोठ्याने वाचून घ्या. जीभ अडखळत नाही, पण अर्थ विचारला की हे शब्द त्यात नसतात.

'बट' आणि 'ऑल्दो' मात्र वेगळ्या रंगात लिहा. उतारा कुठल्याही मंडळाचा असो, लेखकाचं खरं मत बहुतेकदा 'बट'च्या नंतरच्या भागात असतं, आणि 'ऑल्दो' असेल तर ते ज्या भागात 'ऑल्दो' नाही तिथे.

एक छोटा उतारा, जवळून

हा उतारा मुलाकडून इंग्रजीत लिहून घ्या.

'रवीज रेनकोट वॉज स्टिल ड्रिपिंग व्हेन ही पुश्ड ओपन द क्लासरूम डोअर. ओन्ली द फ्रंट बेंच वॉज एम्टी. "द सेव्हन-टेन वॉज कॅन्सल्ड, मॅडम," ही बिगॅन. मॅडम पॉइंटेड ॲट स्नेहा, हू लिव्ड इन द सेम बिल्डिंग ॲज रवी, अँड सेड नथिंग. रवी सॅट डाउन क्वाएटली.'

पाचच वाक्यं. रवी उशिरा आला असं कुठेही लिहिलेलं नाही, पाऊस पडतोय असंही नाही. मुलाला विचारायचं, "तुला कशावरून कळलं?" हा प्रश्न दर वेळी विचारायचा, उत्तर बरोबर असलं तरीही. पाऊस कशावरून? रेनकोट अजून निथळतोय, म्हणजे रवी आत्ताच बाहेरून आला. उशीर कशावरून? 'ओन्ली' वरून: एक बाक सोडून वर्ग भरलाय. शिवाय तो आल्या आल्या कारण सांगायला लागतो, आणि न विचारता कारण कोण सांगतं हे कुठल्याही मुलाला शिकवावं लागत नाही.

'बिगॅन' हा शब्द बहुतेकांना दिसतच नाही. तिथे 'सेड' लिहिता आलं असतं. 'बिगॅन' म्हणजे त्याला आणखी बोलायचं होतं, पण बोलणं अर्धवट राहिलं. का राहिलं? पुढच्या वाक्यात मॅडमचं बोट स्नेहाकडे जातं. स्नेहा त्याच इमारतीत राहते, आणि ती वर्गात बसलेली आहे. मॅडमचा विश्वास बसलेला नाही.

आता खरा प्रश्न: रवी खोटं बोलला का? नव्वद टक्के वर्ग "हो" म्हणेल. उताऱ्यावरून मात्र ते सिद्ध होत नाही. सात-दहाची गाडी खरोखर रद्द झाली असेल आणि स्नेहा आधीच्या गाडीने आली असेल. ती गाडीने येते असंही उतारा म्हणत नाही. मॅडमना रवीचं पटलं नाही, इथपर्यंतच पुरावा पोचतो. त्यापुढचा आपला तर्क. अनुमान आणि अंदाज यांतला फरक समजावण्यासाठी व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हा एक प्रश्न पुरे.

वहीत यासाठी तीन रकाने आखा: उताऱ्यातले शब्द, मला आधीपासून माहीत असलेलं, म्हणून काय ठरतं. पहिला रकाना रिकामा राहिला तर तिसऱ्यात काहीही लिहायचं नाही. मधला रकाना फुगायला लागला, दोन-तीन ओळींवर गेला, तर मूल उतारा सोडून स्वतःची गोष्ट रचतंय असं समजा.

उत्तराची बांधणी

दोन गुणांच्या उत्तरात दोन गोष्टी हव्यात: काय कळलं, आणि कशावरून. मधे 'बिकॉज' किंवा 'धिस शोज दॅट'. 'रवी फेल्ट इम्बॅरस्ड बिकॉज ही सॅट डाउन क्वाएटली विदाउट आर्ग्युइंग.' एवढं एक वाक्य पुरतं. उताऱ्यातली अख्खी ओळ उतरवून काढणं ही सगळ्यांत जुनी खोड. त्यात पुरावा असतो, अनुमान नसतं, म्हणजे अर्धंच उत्तर. याच्या उलट खोडही आहे: 'रवी वॉज इम्बॅरस्ड' एवढंच लिहून थांबणं.

आता पोतडीची गोष्ट. भावना विचारली की हॅपी, सॅड, अँग्री यांच्यापलीकडे गाडी जात नाही. रवी इथे सॅड नाही, तो ओशाळलाय. मुलाला मराठीत हे बरोबर कळतं, 'इम्बॅरस्ड' आठवत नाही म्हणून ते 'सॅड' लिहितं. त्यामुळे या शब्दांची जोडी मराठीतूनच लावा: हायसं वाटणं म्हणजे रिलीव्ह्ड, मन धजत नसणं म्हणजे हेझिटंट, नाइलाजाने करणं म्हणजे रिलक्टंट, हिरमुसणं म्हणजे डिसअपॉइंटेड, धाकधूक म्हणजे अँक्शस, उतावीळ म्हणजे इम्पेशंट, संशय येणं म्हणजे सस्पिशस. आठवड्याला पाच शब्द, आणि प्रत्येकाचा प्रसंग घरातलाच. दहावीच्या निकालाच्या दिवशी पान उघडेपर्यंत अँक्शस, उघडल्यावर रिलीव्ह्ड. स्पेलिंग त्याच दिवशी पाच वेळा गिरवून घ्या, 'इम्बॅरस्ड'मधले दोन आर आणि दोन एस हमखास चुकतात.

बहुपर्यायी प्रश्नांत चुकीचे पर्याय साधारण चार जातींचे असतात. एक, जगात खरं पण उताऱ्यात नसलेलं. दोन, उताऱ्यातलेच शब्द घेऊन अर्थ फिरवलेलं. हा सर्वांत फसवा, कारण ओळखीचे शब्द दिसले की पेन तिकडे वळतं. तीन, 'ऑलवेज', 'नेव्हर', 'ऑल' लावून ताणलेलं. चार, उताऱ्यात सरळ दिलेलं, म्हणजे खरं, पण प्रश्नात 'इन्फर' किंवा 'इम्प्लाय' असल्यामुळे उत्तर नव्हे. सरावात बरोबर पर्यायावर खूण करण्याआधी उरलेले तीन का चूक, ते एकेका शब्दात लिहायला लावा: 'बाहेरचं', 'फिरवलेलं', 'ताणलेलं', 'दिलेलं'. सुरुवातीला वेळ जातो, दहाएक उताऱ्यांनंतर हात बसतो.

सरावाचं वेळापत्रक

आठवड्यातून चार दिवस, रोज वीस मिनिटं, एकूण सहा आठवडे. रोज एक तास बसवलं तर दहा दिवसांत मूल कंटाळतं.

पहिले दोन आठवडे १०० ते १२० शब्दांचे उतारे, वेळ न लावता, अर्धं काम तोंडी. अनुमान मराठीत सांगितलं तरी चालेल, मग ते इंग्रजीत मांडायचं. तिसरा-चौथा आठवडा २०० ते २५० शब्द, उत्तरं लेखी, तीन रकाने चालूच. शेवटचे दोन आठवडे परीक्षेच्या लांबीचे उतारे, घड्याळ लावून. राज्य मंडळाचा पेपर तीन तासांत ८० गुणांचा, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. दहा गुणांच्या उताऱ्याला बावीस मिनिटं येतात. वीस मिनिटांत संपवायची सवय लावा. आयसीएसईच्या भाषेच्या पेपराला दोनच तास असल्यामुळे तिथे गुणामागे दीड मिनिट मिळतं.

उतारा आधी की प्रश्न आधी? प्रश्नांवरून एकदा नजर फिरवा, पण फक्त प्रश्नांवरून, पर्याय वाचू नका. चुकीचे पर्याय डोक्यात बसले की उताऱ्यात तेच दिसायला लागतं. मग उतारा एकदा अखंड, न थांबता. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने टिंब देऊन पुढे जायचं. दुसऱ्या वाचनात 'ही', 'इट', 'दिस', 'व्हिच' कुणाला लागू होतात ते बाण काढून दाखवायचं. सर्वनाम चुकलं की अनुमान चुकणारच, मग ते कितीही हुशारीचं असो.

उतारे कुठून आणायचे? गाइडमधले नकोत, उत्तर त्याच पानावर छापलेलं असतं आणि डोळा तिकडे जातोच. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या माध्यमांच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत. मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलाला इंग्रजी माध्यमाची पाचवी-सहावीची इंग्रजीची पुस्तकं द्या. भाषा झेपते आणि धडे नवे असतात. वरच्या पातळीसाठी सीबीएसईच्या नमुना प्रश्नपत्रिका आहेत, त्यांच्यासोबत गुणदान योजनाही मिळते, त्यामुळे कुठलं उत्तर का ग्राह्य धरलं ते कळतं.

आणि मुंबईत तर रविवारी सकाळी फुकटचा उतारा मिळतो: मेगाब्लॉकची, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकलचे मार्ग काही तास बंद ठेवण्याची, इंग्रजी सूचना. समजा त्यात लिहिलंय की माटुंगा ते मुलुंड डाउन स्लो, म्हणजे सीएसएमटीहून बाहेर जाणाऱ्या धिम्या, गाड्या फास्ट लाइनवरून धावतील आणि सायन, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड इथे थांबतील. मुलाला विचारा, कांजूरमार्गच्या आत्याकडे जायचंय, काय करायचं? कांजूरमार्गचं नावच सूचनेत नाही, विद्याविहार आणि नाहूरचंही नाही. जे लिहिलंय त्यावरून न लिहिलेलं काढायचं, आणि चुकलं तर भांडुपला उतरून उलटं यायचं. उत्तर सांगताना मात्र 'बिकॉज' लावून पूर्ण वाक्यात, इंग्रजीत.