‘हॅव’ नेमकं कुठे आणि कसं वापरायचं

‘मला दोन बहिणी आहेत’, ‘माझ्याकडे सुट्टे नाहीत’, ‘तिला ताप आहे’, ‘आमचं दादरला दुकान आहे’. मराठीत ही चार वाक्यं वेगवेगळ्या तऱ्हेने सुरू होतात. इंग्रजीत चारही ठिकाणी एकच क्रियापद येतं, ते म्हणजे हॅव. जे नातं, वस्तू, दुखणं किंवा मालकी आपण ‘आहे’ लावून सांगतो, ते इंग्रजीत बहुतेक वेळा ‘हॅव’ने सांगतात. सुरुवात इथूनच करा.

पहिली पायरी रूपांची आहे, आणि ती सोपी आहे. आय, यू, वी, दे यांना ‘हॅव’, ही, शी, इट यांना ‘हॅज’ आणि भूतकाळात सगळ्यांना ‘हॅड’. फक्त डू, डझ, डिड आलं की पुढे नेहमी मूळ ‘हॅव’च येतं. म्हणून ‘डझ शी हॅव अ कार?’ बरोबर, ‘डझ शी हॅज’ चूक.

दुसऱ्या पायरीवर जरा थांबा, कारण मुलाखतीत हमखास चूक होते ती इथेच. ‘आय ॲम हॅविंग थ्री इयर्स एक्स्पीरियन्स’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. अनुभव, भाऊ, गाडी, ताप या गोष्टी आपल्यापाशी असतात, आपण त्या ‘करत’ नसतो. अशा ठिकाणी ‘हॅव’ला आयएनजी लावत नाहीत. ‘आय हॅव थ्री इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’ असं सरळ म्हणा. मात्र ‘हॅव’चा अर्थ खाणं, पिणं किंवा एखादी गोष्ट चालू असणं असा असेल, तर आयएनजी चालतं. ‘वी आर हॅविंग लंच’ म्हणजे आम्ही जेवतोय. ‘दे आर हॅविंग अ मीटिंग’ म्हणजे त्यांची मीटिंग चालू आहे. बोलण्याआधी मनात विचारा: इथे काही घडतंय की नुसतं आहे?

तिसरी पायरी: मदतनीस ‘हॅव’. ‘आय हॅव सीन दॅट फिल्म’ म्हणजे तो सिनेमा मी पाहिलाय. ‘मी तो काल पाहिलाय’ हे मराठीत खटकत नाही, त्यामुळे आपण ‘येस्टरडे’ही सहज जोडून देतो. इंग्रजीला ते चालत नाही. काल, गेल्या वर्षी, 2019 मध्ये असा संपून गेलेला काळ वाक्यात आला की साधा भूतकाळ घ्या: ‘आय सॉ दॅट फिल्म येस्टरडे’.

आता माझ्या मते सगळ्यात उपयोगी आणि शाळेत सगळ्यात कमी शिकवली जाणारी रचना. ‘मी केस कापून घेतले’ हे इंग्रजीत कसं सांगाल? ‘आय कट माय हेअर’ म्हटलं, तर स्वतःच कात्री चालवली असा अर्थ निघू शकतो. योग्य वाक्य ‘आय हॅड माय हेअर कट’. आधी हॅड, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. क्रम बदलून ‘आय हॅड कट माय हेअर’ केलंत, तर ‘मी माझे केस कापले होते’ असा निराळाच अर्थ होतो. ब्लाउज शिवून घेणं, घराला रंग लावून घेणं, गाडी दुरुस्त करून घेणं या सगळ्याला हाच साचा. रोजची दोन-तीन कामं त्यात बसवून मोठ्याने म्हणा, क्रम जिभेवर बसेल.

शेवटी ‘हॅव टू’, म्हणजे करावंच लागणं. बोलताना त्याचा उच्चार ‘हॅफ्टू’ असा होतो, आणि ‘हॅज टू’चा ‘हॅस्टू’. ऐकताना हे माहीत हवं, नाहीतर शब्द ओळखूच येत नाही. नकारात मात्र फार सांभाळा. डॉक्टर म्हणाले, ‘यू डोन्ट हॅव टू टेक धिस टॅब्लेट’, तर गोळी घ्यायची गरज नाही, घेतली तरी चालेल. ‘यू मस्ट नॉट टेक धिस टॅब्लेट’ म्हणाले, तर ती अजिबात घ्यायची नाही. नीट कळलं नसेल, तर तिथेच पुन्हा विचारून घ्या.