अ‍ॅल्युमिनियमची टाकी आणि खारं पाणी : रंगाच्या मोहात या चुका टाळा

ऑक्टोबरात मालवण-तारकर्लीकडे डायव्हिंगचा हंगाम उघडायची वेळ झाली, की पाण्याखाली श्वास घ्यायला पाठीवर बांधायच्या, पावसाळाभर झाकून ठेवलेल्या हवेच्या टाक्या अंगणात येतात. मग कोणीतरी हमखास विचारतं, "काका, यंदा टाक्यांना झकास रंग मारूया?" माझं उत्तर ठरलेलं आहे : नको.

ही मूळ चूक लोखंडाकडून आलेली आहे. लोखंडी वस्तू उघडी ठेवली की गंजते, म्हणून रंग. पोलादी टाकीला ते लागू आहे. अ‍ॅल्युमिनियम मात्र हवा लागताच अंगावर स्वतःच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, पण ओरखडा पडला तरी तो लगेच भरून येतो. रंगाचा टवका उडाला की तो उडालाच. खारं पाणी धातूवरून वाहून गेलं आणि अंग सुकलं तर फारसं बिघडत नाही. तेच पाणी फटीत कोंडलं, की तिथे ऑक्सिजन कमी पडतो, क्लोराइड त्या पापुद्र्याला पोखरतं आणि खड्डे पडू लागतात. म्हणजे टाकीचं फिनिश निवडताना ती किती चकाकते यापेक्षा खारं पाणी कुठे अडकेल, हे आधी बघायचं.

होडीवर टाकी काठाला आपटते, दुसरीवर घासते, वाळूत लोळते. रंग कुठेतरी उडणारच. त्या कडेतून पाणी आत शिरतं आणि आठ-दहा महिन्यांनी तिथे फुगा दिसतो. तो नखाने उचकटून बघा. खाली ओल्या तांदळाच्या पिठासारखी पांढरी भुकटी निघते आणि ती पुसली की टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. पारदर्शक लेप दिलेल्या चकचकीत टाकीवर हाच आजार लाकडातल्या किड्याने वाट काढावी तशा नागमोडी रेघांनी दिसतो. म्हणून समुद्रासाठी नवी टाकी घेताना मी ब्रश फिनिशची, म्हणजे ब्रशने घासून बारीक रेघा उमटवलेली, वर कुठलाही लेप नसलेली मागतो. ती वर्षभरात राखाडी, निस्तेज होते, हाताला काळपट डागही लावते. लावू दे. निदान तिच्या अंगावर काय चाललंय ते दिसतं. टाकी फक्त पूलमध्ये वापरणार असाल तर हवा तो रंग घ्या, तिथे माझा वाद नाही.

सगळ्यात महाग चूक माझ्या हातून झाली आहे. दोन जुन्या टाक्यांचा रंग गेला होता, म्हणून एका वर्कशॉपमध्ये त्यांना पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी भट्टीत वितळवून चढवलेला थर, करून घेतलं. काम सुरेख झालं. टाक्या घेऊन निघताना सहज विचारलं, भट्टी कितीला ठेवता? "दोनशेला, वीस मिनिटं." माझे हातपायच गळाले. डायव्हिंगच्या बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या 6061 मिश्रधातूच्या असतात आणि त्यांची ताकद टी-6 नावाच्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. 177 अंश सेल्सिअस ही हद्द ओलांडली की ती ताकद उतरू शकते, आणि बाहेरून काहीही कळत नाही. आपण तिच्यात 207 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशे पट दाब भरणार आणि ती कोणाच्या तरी पाठीवर बांधणार. दोन्ही टाक्या बाद केल्या. कारखान्यातून आलेला मूळ रंग हा ताप सांभाळूनच चढवलेला असतो. गेट आणि खिडक्यांना रंग देणाऱ्याची भट्टी टाकीला चालत नाही.

जुना रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरणारेही भेटतात. कॉस्टिक रंगाबरोबर अ‍ॅल्युमिनियमही खातो, फसफसताना डोळ्यांना दिसतं. जुन्या टाकीला अ‍ॅनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या मदतीने ऑक्साइडचा थर जाड करण्याचा, विचारही याच कारणासाठी सोडा : त्यात आधी कॉस्टिकची, मग आम्लाची आंघोळ असते आणि मानेच्या आट्यांत ती राहून गेली तर पुढचं बघायलाच नको. पोलादी तारेचा ब्रश लोखंडाचे कण रुतवून ठेवतो. नायलॉनचा ब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं.

आणि किनाऱ्यावरची खास आपली चूक : होडीच्या बुडाला लावून उरलेला लाल रंग. शेवाळ, शिंपले धरू नयेत म्हणून त्यात बहुधा तांबं असतं. खाऱ्या पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की त्यांची बॅटरीच तयार होते आणि झिजतो तो अ‍ॅल्युमिनियम. अर्धा डबा वाया गेला तरी चालेल, टाकीला तो लावू नका.

टाकी आधीच रंगीत असेल तर घाबरून सगळा रंग खरवडू नका. जिथे धरून आहे तिथे राहू द्या. जिथे फुगलाय तिथे प्लॅस्टिकच्या पात्याने तेवढा उचला, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा आणि तो भाग उघडाच सोडा. खड्डा दिसला तर घासून सपाट करू नका, तपासणाऱ्याला आहे तसा दाखवा.

उघड्या धातूची टाकी घेऊन तिला वर्षानुवर्षं बुडाला बसवायचा बूट, अंगावरची जाळी आणि गोल स्टिकर घालून ठेवणं म्हणजे पुन्हा तेच. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीचं बूड सपाट असतं, ती बुटाशिवाय उभी राहते. बूट हवाच असेल तर दर धुण्याला काढा. स्टिकर हंगामाअखेर सोलून टाका.

धुण्याचंही एक आहे. सकाळी गोड्या पाण्याने भरलेलं पिंप वीस टाक्या बुचकळल्यावर संध्याकाळी खारट झालेलं असतं. चाखून बघा. एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरी मचूळ होतात, तेव्हा शेवटचा तांब्या तरी चांगल्या पाण्याचा असू दे.

गेल्या हंगामात आमच्याकडचा नवा पोरगा धावत आला, "काका, ही टाकी गेली की काय?" अंगावर तपकिरी ओघळ होते. अ‍ॅल्युमिनियमचा गंज पांढरा असतो. तपकिरी ओघळ लोखंडी स्टँडचे होते, साबणाने निघून गेले. स्टँडच्या कांबीला मात्र आम्ही त्याच दुपारी जुना रबरी पाइप चिरून बसवला.