मोटर न्यूरॉन आजारात शेक कसा द्यावा

मोटर न्यूरॉन आजारात स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होतात. शेकाने किंवा वाफेने हा आजार थांबेल, अशी आशा काहींना वाटते, पण तसे अद्याप सिद्ध झालेले नाही. उष्णतेचा ताण आल्यावर पेशी काही संरक्षक प्रथिने तयार करतात आणि ती बिघडलेल्या प्रथिनांना सावरतात, एवढ्यावर ही आशा उभी आहे. त्याच यंत्रणेला चालना देणारे अरिमोक्लोमॉल हे औषध रुग्णांवर तपासले गेले, परंतु २०२१ मध्ये त्या चाचणीतून अपेक्षित लाभ दिसला नाही. म्हणून या आजाराची वाढ थोडी मंदावणारे रिलुझोल हे औषध बंद करून उष्णतेच्या मागे लागू नये. आखडलेला खांदा मोकळा करायला मात्र शेकाची खरोखर मदत होते.

या आजारात त्वचेची जाणीव बहुधा शाबूत असते. चटका कळतो, पण हात मागे घेता येत नाही, आणि जीभ साथ देत नसेल तर सांगताही येत नाही. त्यामुळे शेक सुरू करण्यापूर्वीच खूण ठरवावी. रुग्णाने डोळे घट्ट मिटले की शेकाची पिशवी ताबडतोब उचलायची, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे.

रबरी पिशवीत उकळते पाणी घालू नये. गरम पाण्याने ती अर्ध्याहून थोडी अधिक भरावी, हवा काढून बूच घट्ट लावावे आणि उलटी धरून गळत नाही ना, हे पाहावे. जुन्या सुती पंचाच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळून ती आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला पूर्ण एक मिनिट धरावी; आपल्याला सोसवली तरच रुग्णाच्या खांद्यावर ठेवावी, अंगाखाली कधीही नाही. पंधरा मिनिटे पुरेत. दर पाच मिनिटांनी कापड उचलून त्वचा पाहावी. ४४ अंश सेल्सियसची सौम्य वाटणारी धगही सलग काही तास लागून राहिली तर भाजते, म्हणून विजेचे हीटिंग पॅड लावून रुग्णाला झोपू देऊ नये.

शेक संपताच, सांधा सैल असतानाच, एका हाताने कोपर व दुसऱ्याने मनगट आधाराने धरून फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या हालचाली सावकाश कराव्यात. हात ओढून रुग्णाला उठवू नये. दुबळे स्नायू खांद्याला धरून ठेवू शकत नाहीत.

पोटरीत गोळा आला तर आधी पाऊल गुडघ्याच्या दिशेने वळवून ताण द्यावा, शेक नंतर. मात्र एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला व गरम लागला, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. तो पाय शेकू नये, चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा आणि सोबत दम लागत असेल तर तडक रुग्णालय गाठावे.