मेल सर्व्हर रांगतोय? आधी लॉगमधले चार आकडे वाचा

महाप्याहून फोन आला की प्रश्न ठरलेला: "ताई, मेल स्लो चाललाय, रॅम वाढवू का?" थांबा. स्लो म्हणजे काय, ते आधी विचारून घ्या. आउटलुकमध्ये इनबॉक्स उघडत नाही, की पाठवलेला मेल समोर उशिरा पोचतो? दोन्ही दुखणी वेगळी.

उशिरा पोचत असेल तर पोस्टफिक्सच्या (मेलची ने-आण करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लॉगमध्ये त्या मेलची ओळ शोधा. तिथे 'डिलेज'पुढे तिरप्या रेघांनी तोडलेले चार आकडे असतात, सगळे सेकंदांत. पहिला मोठा असेल तर मेल आत येतानाच अडकला किंवा डिफर्ड रांगेत (पुन्हा प्रयत्नासाठी थांबवलेल्या मेलांत) पडून होता. दुसरा मोठा म्हणजे डिलिव्हरीला प्रोसेस मोकळी नाही. तिसऱ्यात डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), कनेक्शन, टीएलएस (एन्क्रिप्शन जुळवणं). चौथा, मेल प्रत्यक्ष पुढे सोपवायला लागलेला वेळ.

वाशीत एक क्लिअरिंग एजंट आहेत, न्हावा शेव्याचे कंटेनर सोडवतात. त्यांच्याकडे ओळ अशी होती: 0.4/0.1/0.1/21. अटॅचमेंट मोठ्या, म्हणून लाइनला दोष देणं सोपं होतं. पण 'रिले'पुढे, म्हणजे मेल कुणाकडे सोपवला तिथे, 127.0.0.1 (हाच सर्व्हर) आणि पोर्ट 10024! म्हणजे 21 सेकंद मेल घरातच, अमाविस या मेल तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्पॅम तपासणीत. सीपीयू निवांत, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) रिकामा. (क्लॅमएव्ही हा अँटीव्हायरस एकटाच एक जीबीहून जास्त खातो, स्वॅप सतत हलत असता तर रॅम मीच मागितली असती.)

सीपीयू निवांत आणि काम तुंबलेलं, म्हणजे कुणाची तरी वाट पाहणं चाललंय. स्पॅम तपासणी ब्लॉकलिस्टना (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्यांना) डीएनएसवरून विचारते. हे प्रश्न ज्यांच्याकडे जातात त्या नेमसर्व्हरांची यादी 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' फाइलमध्ये असते. त्यातल्या प्रत्येकाला 'डिग' कमांडने वेगवेगळं विचारलं, तर पहिला मेलेलाच. लिनक्स मुळात एका नेमसर्व्हरसाठी 5 सेकंद थांबतं. त्याजागी गूगलचा 8.8.8.8 टाकून मोकळं होऊ नका. अशा सार्वजनिक नेमसर्व्हरवरून आलेल्या चौकशीला स्पॅमहाउस ही ब्लॉकलिस्ट खरं उत्तर देत नाही. सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा नेमसर्व्हर बसवा, फॉरवर्डिंग न ठेवता, म्हणजे प्रश्न दुसऱ्या नेमसर्व्हरकडे न ढकलता. आणि डेबियन-उबुंटूवर पोस्टफिक्स रीस्टार्ट कराच: तो चरूटमध्ये (स्वतःच्या बंदिस्त फोल्डरमध्ये) चालत असेल तर तिथे त्याची 'रिझॉल्व्ह.कॉन्फ'ची वेगळी प्रत असते, तो जुन्यालाच विचारत बसतो.

पहिला आकडा मोठा असेल तर 'क्यूशेप डिफर्ड' ही कमांड चालवा. कुठल्या डोमेनचे किती मेल किती मिनिटांपासून पडलेत, याचा तक्ताच मिळतो. भलत्याच परदेशी डोमेनांची गर्दी दिसली तर कुणाचा तरी पासवर्ड गेलाय. आधी तो बदला, मगच 'पोस्टसुपर' कमांडने रांग साफ करा. उलटं केलंत तर तासाभरात पुन्हा भरेल. हात लावला नाहीत तर पोस्टफिक्स ते मेल मुळात 5 दिवस धरून ठेवतो.

इनबॉक्सच उघडत नसेल तर 'आयओस्टॅट -एक्स 5' कमांड लावून 'अवेट' (डिस्कच्या उत्तराला लागणारा वेळ) बघा. एसएसडीवर तो एरवी थोड्या मिलिसेकंदांचा असतो. शेकड्यांत गेला तर त्या वेळी बॅकअप चालू आहे का तपासा आणि तो रात्री ढकला. 'डीएफ -आय'ही बघा, मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल वेगळी फाइल असल्यामुळे जागा असूनही आयनोड (दर फाइलला एक लागणाऱ्या नोंदी) संपू शकतात. डिस्क जुनी फिरतीच असेल तर निदान डोव्हकॉटचे (इनबॉक्स दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचे) इंडेक्स एसएसडीवर हलवा. मग लाखभर मेलांचे फोल्डर वर्षवार फोडायला घ्या. सुरुवात साहेबांच्या इनबॉक्सपासून. बहुतेक ऑफिसांत सगळ्यात फुगलेला तोच असतो.